मॅटाडोर आमची, मतं गावाची

नाशिकमध्ये नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात, जुनी घेतली की सल्ला देतात, आणि मॅटाडोर घेतली की दार उघडून थेट आत जाऊन बसतात. कुणाची, कितीची, कशाला, हे सगळं नंतर. आधी बूड टेकायचं आणि "आमच्या लहानपणी..." म्हणून सुरुवात करायची.

आमची मॅटाडोर तर राहायची आहे. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बावाजींनी ऐंशीच्या दशकात ती घेतली आणि आत पलंग, ओटा, बेसिन, कपाटं असं अख्खं बिऱ्हाड बसवून घेतलं. आरसी बुकात 'कॅम्पर व्हॅन' असा स्वच्छ उल्लेख. बावाजी गेले, गाडी बंगल्याच्या आवारात आंब्याखाली उभी राहिली, आणि त्यांच्या पुतण्याला गिऱ्हाईक म्हणून मी सापडलो. "इंजन एकदम टॉप छे," तो म्हणाला. इंजिन टॉप आहे की कसं हे कळायला ते आधी चालू व्हावं लागतं. ते झालं नाही. "बॅटरी डाऊन छे." मी वाकून बघितलं. बॅटरी डाऊन नव्हती, मुळात नव्हतीच. तिच्या जागेवर कोंबडी अंडी घालत असावी, कारण एक अंडं होतं.

भावात त्यानं फार ताणलं नाही. अट एकच घातली: आत ड्रायव्हरच्या मागं पारशांच्या प्रेषिताची, जरथुष्ट्राची छोटी तसबीर आहे, ती काढायची नाही. मी हो म्हटलं.

घेतली कशासाठी, तर त्याला यूट्यूब कारण. रात्री जेवण झालं की मी अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघत बसतो. एअरस्ट्रीम नावाची ॲल्युमिनियमची चकाकती घरगाडी असते, मोटारीमागं जोडून ओढायची. 1936 साली तिचं क्लिपर नावाचं मॉडेल निघालं, तेव्हापासून त्या लोकांना तिचं वेड आहे. पन्नास-साठ वर्षांची एखादी शेतात सडत पडलेली घ्यायची, नवरा-बायकोनं मिळून आतला सगळा सांगाडा उघडा करायचा, कुजलेली जमीन उपटायची, आणि वीस मिनिटांत, जाहिराती धरून, पांढरे पडदे, लाकडी फरशी आणि पलंगावर कुत्रा. मी इतके व्हिडिओ बघितले, पण एकाही व्हिडिओत शेजारी येत नाही. "केवढ्याला पडली?" असं त्या देशात कुणी विचारतच नाही की काय? बायको म्हणाली, "ते एडिट करत असतील."

गाडी टोचन करून वडाळा नाक्याजवळच्या गॅरेजात आणली. गॅरेजवाल्या चाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि एकदम गहिवरले. "साहेब, हिच्यातच माझी वरात निघाली होती."

"हीच गाडी?"

"ही नाय हो. पण अशीच."

तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता, पण मी त्यांना गाडीचा इतिहास सांगण्याच्या भरात होतो. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीनं 1949 साली टेम्पो मॅटाडोर काढली, मग आपल्याकडं पुण्याच्या बजाज टेम्पोनं मॅटाडोर आणली, त्याच कंपनीचं 2005 साली फोर्स मोटर्स झालं, वगैरे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जर्मन खून आहे, म्हणून तर इतकी वर्षं गंजूनपण उभी आहे," असा निष्कर्ष काढला आणि पोराला पाना आणायला पिटाळलं.

इंजिन पहिल्यांदा धुगधुगलं त्या दिवशी वडाळा नाक्यावर एवढा पांढरा धूर झाला की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं नळी बंद करून पाण्याची बादली आणली. "नोझल गेलं," चाचा म्हणाले. आता नोझल हा विषय नाशिकमध्ये जपून काढावा लागतो. सातपूरला मायकोचा कारखाना आहे आणि डिझेलची नोझलं हेच त्याचं काम. 2008 साली कंपनीचं नाव बॉश झालं, पण चौकाला आजही मायको सर्कलच म्हणतात, आणि आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते चष्मा, भिंग आणि जुनं कंपनी डायरीचं बाड घेऊन गॅरेजात हजर.

नोझल टेस्टरवर चढवलं. दांडा दाबला की टोकातून डिझेलचा बारीक, धुक्याइतका हलका फवारा सुटला पाहिजे. आमच्या नोझलच्या टोकाला एक थेंब आला, क्षणभर विचार करत लोंबकळला आणि काकांच्या चपलेवर पडला. काकांनी नोझल हातात घेतलं, भिंगातून वरचे आकडे वाचले आणि म्हणाले, "हे माझ्या लाइनवरचं असणार." चाचांनी ते ऐकताच नवं नोझल घालायचा बेत मांडला, काकांनी तो मोडून काढला. "नीडल साफ करा, तिची सीट घासा, नोझलला काही झालेलं नाही." दोघांत जे जुंपलं त्यात गाडी कुणाची हा मुद्दा राहिलाच नाही. शेवटी नवी नोझलं पडली, आणि जुनी काका घरी घेऊन गेले. ती आता त्यांच्या शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी आहेत.

चालू करण्याचा एक विधी आहे, तो सांगायलाच हवा. आधी हीटर मारायचा, म्हणजे किल्ली अर्धी फिरवून गप्प बसायचं. इंजिनाच्या पोटात हीटर प्लग तापतात. मग सेल, म्हणजे स्टार्टर. तेवढ्या वेळात शेजारी जो बसला असेल तो एक तरी गोष्ट सांगून संपवतो. इंजिन दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली असल्यामुळं थंडीत त्या झाकणावर बसण्यासाठी भांडणं होतात आणि उन्हाळ्यात तिथं कुणी बसत नाही. मागच्या एप्रिलात बायकोनं त्यावर डब्यातली पोळी गरम करून दाखवली.

इंजिनाचं काम म्हणजे तरी मेंदीचा कार्यक्रम, खरं लग्न आत होतं. ओट्याच्या वर छताला एक तपकिरी डाग होता. सुतार म्हणाला, पाणी इथून येतं. मी म्हटलं, नाही. एवढं तरी व्हिडिओंनी शिकवलं होतं: पाणी शिरतं एका जागी, छताच्या आडव्या पट्टीवरून मुकाट्यानं चालत जातं आणि टपकतं भलतीकडं. सुतारानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि डागाखालचा प्लाय उचकटला. तो निघाला नाही, हातात आला, चहात जास्त वेळ बुडवलेल्या टोस्टसारखा. त्याच्या मागं बावाजींनी गरमी अडवायला वर्तमानपत्रं कोंबून ठेवली होती. गुजराती, सगळीच 'जाम-ए-जमशेद', घडीवर घडी, सुतळीनं बांधून. वरची चारसहा लगदा झालेली, आतली खणखणीत. सुतार काम सोडून त्यातल्या जाहिराती वाचत बसला. त्याला गुजराती येत नव्हतं, पण पंख्याचं चित्र आणि किंमत कळत होती. "साहेब, हे बघा, पंखा केवढ्याला!" त्या किमतीत आता पंख्याचं पातंही येत नाही, यावर आमचं एकमत झालं आणि चहा मागवला गेला.

भोक निघालं मागच्या दिव्याच्या वर, डागापासून अख्ख्या गाडीच्या अंतरावर. सुतार म्हणाला, "मी तेच म्हणत होतो."

मग पत्रावाला. गंजलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, लांबी, म्हणजे पुट्टी, लावायची, घासायची, रेड ऑक्साइड मारायचं, आणि मग रंग. रंग कोणता, यावर गॅरेजातल्या प्रत्येकानं मत दिलं. चाचांना वरातीतला क्रीम हवा होता, काकांना मायकोचा निळा, पत्रावाल्याकडं डब्यात उरलेला हिरवा होता. क्रीम झाला. माझं मत पोपटी होतं, ते कुणी विचारलं नाही.

खिडक्यांच्या मुठी, कपाटांच्या कड्या आणि एक पितळी नळ यांसाठी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जावं लागलं. महापालिका बुलडोझर घेऊन तो उठवते, तो पुन्हा बसतो, आणि तिथं काय मिळत नाही ते विचारा. मी खिडकीची मूठ दाखवली. दुकानदारानं ढिगाऱ्यात हात घातला आणि न बघता तशीच मूठ काढली. "मॅटाडोर ना? आमच्या अब्बांची होती. द्राक्षं घेऊन मुंबईला जायची." मुठीच्या किमतीत द्राक्षाच्या आठवणींचा पण समावेश होता, घासाघीस करायला तोंड उरलं नाही.

छताची परीक्षा घ्यायची तर नाशिकचा पाऊस कुचकामी. शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही गणपतीत मांडवावर. 45 किलोमीटरवर इगतपुरीत मात्र 3000 च्या वर. जुलैत गाडी घाटमाथ्यावर नेऊन उभी केली. मी, बायको, चाचा आणि सुतार आत, चौघंही मान वर करून. रात्रभर एक थेंब आला नाही. चाचांनी पहाटे उठून छताला हात लावला आणि तो कपाळाला लावला. माझ्या आयुष्यात एवढ्या अभिमानाचे प्रसंग थोडे.

कागदपत्रांचं उगाच दडपण घेतलं होतं. खाजगी गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांत परस्पर फेरफार चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं आहे. साधी मॅटाडोर घेऊन आत पलंग ठोकला असता तर अडकलो असतो. पण बावाजी पक्के, त्यांनी तेव्हाच नोंद करून ठेवलेली. केंद्र सरकारच्या यादीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत धरली आहे. तपासणीला आलेले साहेब इंजिन नंबर, चासी नंबर बघून आत चढले, पलंगावर बसले, उशी दाबून बघितली आणि म्हणाले, "आम्ही मामाच्या गावाला मॅटाडोरनंच जायचो. कसारा घाटात मी दरवेळी ओकायचो." मग खिडकीची ती जागाही दाखवली. चहा आम्ही आतल्याच ओट्यावर केला.

संडासाचा विषय आईनं संपवला. मी मोठ्या उत्साहानं एक सुटसुटीत कमोड आणला होता, पलंगाखाली सरकणारा. आई जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलेली. तिच्या माहेरी संडास परसाच्या पार टोकाला, वाटेत विहीर आणि तुळस. तिनं ओटा बघितला, पलंग बघितला, मधलं अंतर हातानं मोजलं. "भात शिजतोय तिथून चार हातांवर? आणि वर झोपणार?" कमोड त्याच दिवशी परत गेला. रिकाम्या जागेत आईनं सप्तशृंगीचा फोटो ठेवला. जरथुष्ट्राची तसबीर समोरच होती. आता ती दोन्हीकडं फूल वाहते. "बावाजींचे देव आहेत, आधीपासून राहतात," एवढंच तिचं म्हणणं.

सोसायटीत गाडी आल्यावर चेअरमननी नोटीस लावली: आवारात 'राहण्यायोग्य वाहने' उभी करू नयेत. दोन दिवसांनी स्वतःच येऊन बसले, आत वारा छान लागतो म्हणाले, आणि नोटिशीवर पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक चिकटलं. येणारा प्रत्येक जण दोन सूचना करून जातो. पहिली: "मिसळ लावा. खिडकीतून प्लेट, वर बोर्ड, रांग लागेल." नाशिककराला चार चाकं आणि एक ओटा दिसला की त्यावर तर्री दिसायला लागते, त्याला इलाज नाही. दुसरी: "सिंहस्थाला भाड्यानं द्या." 2027 च्या सिंहस्थाचा एकेकाचा हिशोब माझ्या मॅटाडोरच्या पलंगावर बसूनच पक्का झाला आहे. एकानं तर साधू किती झोपतील हेही मोजून सांगितलं.

आमचा बेत मात्र कोकणाचा होता. मी आणि ही, दोघंच, हरिहरेश्वर ते वेंगुर्ला, समुद्राकडं दार उघडून चहा. तारीख ठरली, गादीला नवी खोळ आली, आणि बहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न, चांदवडला. "दादा, तुझी मॅटाडोर आहेच की."

राहायची आहे, बसायची नाही, दोघांसाठी आहे, असं मी बरंच बोललो. लग्नाच्या सकाळी पलंगावर आत्या, मावशी आणि त्यांच्या मधे करवली, ओट्यावर रुखवताची चकली, बेसिनमध्ये फुलांच्या वेण्या, इंजिनाच्या झाकणावर दोन पोरं, आणि एक अनोळखी गृहस्थ, जे नंतर कळलं की हॉलच्या केटररचे मामा. मागच्या कपाटात बसलेल्या पोराला तर मी चांदवडलाच पाहिलं.

निघताना मेव्हणे गाडीभोवती फिरून आले. "वर कॅरियर नाही? मग रुखवताचं बाकीचं सामान कुठं जाणार? ही कसली मॅटाडोर!" मी आत आत्याबाईंची उशी लावत होतो. वरून ड्रिलचा आवाज आला. धावत बाहेर आलो तोवर छताला चार भोकं, चारी कोपऱ्यांत, अगदी मापात, आणि मेव्हणे समाधानानं बोल्ट फिरवत होते. शेजारी चाचा शिडी धरून उभे. वऱ्हाडात तेही होते.

"चाचा, तुम्ही तरी अडवायचं!"

"साहेब, बारातीची गाडी आहे, कॅरियर तर लागणारच," चाचा म्हणाले. "आणि पाऊस जूनशिवाय नाय. एम-सील घेऊन ठेवा, आत्ता स्वस्त आहे."