आठशे किती?

तालुक्याच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी, भाडेकरार करतो, आणि मधूनमधून कैद्यांच्या रजेचे अर्ज. हे शेवटचं काम दिसायला किरकोळ, पण त्यातून जेवढं कळतं तेवढं पेपरातून कळत नाही. म्हणून आज कैद्यांच्या शिक्षेच्या हिशेबावर जरा लांबलचक लिहितोय.

"जेलात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, चौदाची सातच होतात!" हे चहाच्या टपरीवर मी किमान शंभरदा ऐकलंय. एकदा तर काळा कोट घातलेल्या माणसाकडून. अहो, नाही. जेलातही दिवस चोवीस तासांचाच असतो. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हेही खरं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम ४३३-अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७५. चौदा ही खालची मर्यादा आहे, सुटकेची तारीख नाही.

यावरचा जुना निकाल आपल्याच महाराष्ट्राविरुद्धच्या खटल्यातला आहे. गांधी खून खटल्यातला गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला, माझी माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीसारख्या कारणांनी शिक्षेतून वजा होणारे दिवस, धरली तर जन्मठेपेची वीस वर्षं भरतात, सोडा. माफीचा हिशेब निकालात मांडलाय: साधी माफी ८३६ दिवस, वर्षभर चांगलं वागल्याची २५० दिवस, व्यायामाची ११३, वाचन-लेखनाची १०८, विशेष २०६ आणि सरकारनं दिलेली राज्य माफी १३८० दिवस. एकूण २८९३. कोर्टानं १९६१ साली सांगितलं, हे दिवस कितीही असोत, सरकारनं उरलेली शिक्षा माफ केल्याचा आदेश काढल्याशिवाय जन्मठेप संपत नाही. तो सुटला १९६४ मध्ये. माझा त्या माणसाशी काही संबंध नाही, पण हिशेब किती बारीक ठेवला जातो ते बघा. व्यायामाचेसुद्धा दिवस!

आता आक्कांचं सांगतो. नाव-गाव नको. मुलाला जन्मठेप, अकरावं वर्ष चालू आहे. घरात रेंज नाही, म्हणून जेलातून फोन यायच्या दिवशी आक्का दुपारीच माझ्या टेबलाशी येऊन बसतात. मोबाइल माझ्या बोर्डाला चार्जिंगला, मांडीवर नातवाची जुनी चौकटीची वही. त्यात माफीचे दिवस. मुलगा आकडा सांगणार, आक्का तो मोठ्यानं म्हणणार, मी पेन्सिलीनं लिहिणार. पेन्सिलीनं अशासाठी, की आकडा खालीही येतो. गेल्या वर्षी तो संचित रजेवर, म्हणजे तुमच्या भाषेत फर्लोवर, आला होता. वडिलांना दवाखान्यात नेण्यात दोन दिवस उशिरा हजर झाला. माफी कापली एकास पाच या दरानं. दहा दिवस गेले. आक्कांनी स्वतः खोडरबर मागून घेतला.

फोन सहा मिनिटांचा. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डचे फोन बसले, आठवड्यातून तीनदा सहा-सहा मिनिटं, तेही आधी पडताळलेल्या नंबरावरच. त्याआधी नाण्याच्या डब्यावर वाट बघत बसायचं. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण त्या सहा मिनिटांत वडिलांचा गुडघा, बांधाचं भांडण, वकिलाची फी आणि माफी एवढं सगळं बसवायचं. मागच्या महिन्यात "आठशे..." एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. आक्का माझ्याकडे बघतायत. "आठशे किती, भाऊ?" मला काय माहीत! वहीत आठशे लिहून पुढं जागा सोडली.

माझं म्हणणं एवढंच आहे. जो आकडा जेलच्या रजिस्टरात आहे तो घरच्यांना कागदावर का मिळू नये? लाइट बिल येतं, सातबारा मोबाइलवर दिसतो, आणि माणूस कधी सुटू शकेल हे मात्र तुटणाऱ्या फोनवर ऐकायचं. भोगलेले दिवस, मिळालेली माफी, कापलेली माफी, कारण. पाव पान. दर तीन महिन्यांनी घरी. रजेचा घोळ तर विचारूच नका. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे, म्हणजे अडीअडचणीला मिळणाऱ्या रजेचे, नाही. गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्टच केलं, चौदा वर्षं मोजताना पॅरोलवरचे दिवस वजा. घरच्यांना दोन्ही रजा सारख्याच वाटतात.

"मग बिल्किस बानो प्रकरणात काय झालं?" असं कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं. २००२ च्या दंगलीतल्या त्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या ११ दोषींना गुजरात सरकारनं १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं, ते चीड आणणारंच होतं. पण ८ जानेवारी २०२४ ला ती माफी रद्द झाली ती याच मुद्द्यावर, की खटला मुंबईत चालला होता, त्यामुळं अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे. माफी कुणी, कशी, कुठल्या कागदावर दिली हे उघड असलं की अशी लबाडी पकडता येते. झाकून ठेवली की ओळख असलेल्याची फाइल पळते आणि आक्कांची बसून राहते.

फोनचंही तसंच. सवलत दिली तर जेलातून गुंडगिरी चालेल, म्हणतात. नागपूर जेलमधून २०१५ मध्ये पाच कैदी पळाले, त्यानंतरच्या झडत्यांत मोबाइल सापडत गेले. ते काय स्मार्ट कार्डवाले होते? ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा फोन बराकीतच वाजतो. रांगेत उभा राहतो तो आक्कांचा मुलगा. त्याचं बोलणं रेकॉर्ड करा, नंबर दहा वेळा तपासा, पण सहाची दहा मिनिटं करा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलंय, मुदतपूर्व सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न बघता सरकारनंच विचार करावा. म्हणजे माझे चार अर्ज कमी होणार. होऊ देत.

पुढच्या फोनला मी पेन्सिल घेऊन तयार बसलो होतो. आक्कांनी आकडा विचारलाच नाही. पहाटे म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. सहा मिनिटं तिच्यातच गेली.