पडद्यावर झकास, कानाला फिकं

या सिनेमाच्या संगीताच्या अल्बमला परीक्षणाच्या लेखात चार तारे दिलेत, ते बहुधा थिएटरातल्या धुंदीत. सिनेमा मलाही आवडला. खाडीतल्या पाठलागाला पार्श्वसंगीत झकास बसलंय. पण नुसतं ऐकायला घेतलं की पोकळपणा कळतो. ८ ट्रॅकपैकी धड गाणी तीनच. एकाचं रिमिक्स, एकाचं सॅड व्हर्जन, बाकीचे दृश्य संपलं की तुटणारे तुकडे. चाल जरा फुलतेय तोच कात्री!

दशावताराच्या गाण्याची तर पार वाट लावलीय. आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे दशावतारात पायपेटी, पखवाज आणि झांज. इथे वाजतोय संबळ, तोही कीबोर्डवरचा. अरे, तो देवीच्या गोंधळातला! झांजेला जागाच नाही, आणि गायिकेचा आवाज इतका घासूनपुसून गुळगुळीत केलाय की मध्ये श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

‘सैराट’ची (२०१६) गाणी चारच, पण पडद्याशिवायही अख्खी उभी राहतात. इथे कोकण रेल्वेच्या कारबुडे बोगद्यात रेंज गेली, गाणं अडकलं, आणि बाहेर आल्यावर पुन्हा लावावंसं काही वाटलं नाही. शेवटचं बासरीचं शीर्षकसंगीत तेवढं जरूर ऐका. बाकीचं सिनेमातच बरं.