सातबारा एक, पीएनआर चार

गणपतीला गावी जायचं आहे, रेल्वेचं वेटिंग हलत नाही आणि मुंबई-गोवा महामार्गाचं नुसतं नाव काढलं तरी कंबर दुखते. तेव्हा यंदा विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरायचं ठरवलं असेल, तर उत्तम. फक्त एक पथ्य पाळा. सगळ्यांची तिकिटं एकाने काढायची नाहीत. काकांनी त्यांचं काढावं, तुम्ही तुमचं, ताई-भावोजींनी त्यांचं, मामाने स्वतःचं. एकाने पैसे भरले की हिशेब निघतो, आणि हिशेब निघाला की माजघराच्या कौलांचा जुना खर्चही निघतो.

शिवाय यात व्यवहार आहे. स्वस्त दराच्या जागा मोजक्या असतात. दोनच उरलेल्या असताना आठ जणांची तिकिटं एकदम मागितली, तर बहुधा आठही जणांना वरचा दर लागतो. म्हणून चतुर माणूस दोन-दोनचे तुकडे पाडतो आणि वाचलेला आकडा नातेवाइकांना फोन करून सांगतो. तेच पैसे पुढे सीट निवडताना जातात, पण त्यासाठी कोणी फोन करत नाही.

प्रत्येक बुकिंगचा पीएनआर वेगळा. विमान कंपनीच्या संगणकाला पीएनआर कळतो, नातं कळत नाही. आडनाव एक आहे म्हणाल, तर गणपतीच्या दिवसांत मोपाच्या विमानात सावंतांना काय तोटा! त्यातले तुमचे सावंत त्याने ओळखायचे कसे? आधी फोन करून ‘हे दोन पीएनआर एकत्र प्रवास करताहेत’ अशी नोंद करून घेता येते. शेजारची जागा मिळेलच अशी हमी नसते, एवढं कारण फोन न करायला पुरेसं आहे.

वेब चेक-इन बऱ्याच कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं. ते उघडू द्या. तुम्ही विमानतळाच्या रांगेत उभं राहून करा, म्हणजे कोणालाच नको असलेली मधली सीट हमखास मिळते. एअरबस ए३२० मध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा असतात. त्यातल्या बी आणि ई या मधल्या. काका सातव्या रांगेत बी, काकू बाराव्या रांगेत ई. गावच्या सातबाऱ्यावर मात्र आजोबांपासूनची सगळी नावं एकमेकांना खेटून बसलेली. त्यातलं एक वेगळं काढायचं म्हटलं तर तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजतील. जिथे वेगळं व्हायला हवं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सहहिस्सेदार, आणि जिथे एका तिकिटात भागतं तिथे चार वाटण्या!

मुलांची काळजी नको. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालक यांच्यापैकी एकाजवळ जागा द्या, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. अट एवढीच, की तो पालक त्याच पीएनआरवर हवा. तुम्ही चिरंजीवांना मामाच्या तिकिटावर टाकलंत, कारण मामाच्या कार्डावर सवलत होती. आता चिरंजीव मामाशेजारी, आणि मामा विमान हलायच्या आत घोरायला लागलेला.

सामानाचंही तसंच. एकाच पीएनआरवर असतं तर ताईच्या जड बॅगेचं वजन काकांच्या हलक्या बॅगेत बहुधा जिरलं असतं. आता काउंटरसमोर बॅग उघडा, समया काकांकडे द्या, आणि मागची रांग काय म्हणते ते मनावर घेऊ नका.

खरी कला विमानात शिरल्यावर. अदलाबदलीचं काउंटरवर विचारायचं नाही, हवाईसुंदरीलाही नाही. मधल्या वाटेत बॅगेसकट उभं राहायचं, मागची माणसं दारापर्यंत तुंबू द्यायची आणि पैसे भरून खिडकी घेतलेला माणूस हेरायचा. ‘ओ भाऊ, जरा मागे बसता का? आम्ही फॅमिली आहोत.’ त्या बदल्यात द्यायची शेवटून दुसऱ्या रांगेतली मधली सीट. तो नाही म्हणाला, तर काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटावं, ‘मुंबयत ऱ्हवान माणुसकी इसारलो हो.’ हा उपाय रामबाण आहे, फक्त समोरचा कणकवलीचा निघता कामा नये. तो निघतोच. ‘काकी, माका मालवणी कळता,’ म्हणतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो.

समजा, कोणी भला माणूस उठलाच आणि तुम्ही शेजारी शेजारी बसलात. तासा-सव्वातासाचा प्रवास; पट्टे बांधलेले, उठून जाता येत नाही. यंदाच्या गणपतीचा खर्च कोणाकडे, हा विषय तोच काढणार ज्याने एकत्र बसायचा हट्ट धरला होता. पहिल्या दहा मिनिटांत काका कानात इअरफोन घालतात, आणि काकू मागे वळून त्या भल्या माणसाला विचारतात, ‘तुम्हांला तिथे अडचण होतेय का हो?’

मोपाला उतरल्यावर गाडी कोणी सांगितली हे विचारू नका. बाहेर चार ड्रायव्हर उभे असतात, चौघांच्या हातात ‘सावंत’ लिहिलेली पाटी.