पिक्चर संपतो कुठे, माझं सगळं तिथं ठरतं

स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी स्क्रोल करा, नंतर शिव्या घालू नका.

परवा परत 'फँड्री' बघितला (कितव्यांदा ते विचारू नका) आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो ना सरळ कॅमेऱ्याकडे, तेव्हा मी परत डोकं मागे घेतलं. माहितीये येणारे, तरी. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की मला लक्षात राहिलेले अर्धे पिक्चर शेवटच्या दोन मिनिटांमुळेच राहिलेत.

'सैराट'चा शेवट तर बोलायलाच नको, झिंगाटवर नाचवून नाचवून शेवटी नागराज मंजुळेने आवाजच काढून घेतला आणि त्या लेकराची लाल पावलं. पण माझं खरं म्हणणं हैदराबादच्या भागाबद्दल आहे, लोक म्हणतात तिथे पिक्चर स्लो होतो, अरे तोच तर पिक्चर आहे! आधीचं विहीर, स्लो मोशन, गाणी सगळं छान आणि थोडं जास्तच, पण पळून गेल्यावर खोली, काम, संशय, भांडण हे कुठला हिरो दाखवतो आपल्याला?

'कोर्ट' बद्दल माझं मत ठाम आहे. सुट्ट्या लागतात, कोर्टरूमचे दिवे बंद होतात, अंधार. दुसरा कुठलाही डायरेक्टर इथे थांबला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. चैतन्य ताम्हाणे थांबत नाही, जजसाहेबांना पिकनिकला नेतो, ते बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात तर एकाला कानाखाली वाजवतात आणि परत झोपतात. संपला. मी बराच वेळ तशीच बसून होते.

'सिंहासन' (1979) अजूनही बातम्यांपेक्षा ताजा वाटतो. सगळे नेते आपापलं जुळवून मोकळे आणि वेडा कोण होतो तर पत्रकार दिगू! दिगू झालेल्या निळूभाऊंचं (निळू फुले) ते हसणं. व्हिलन म्हणून त्यांना घाबरलेल्या माणसांनी हा आवर्जून बघा.

'शोले'चा मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला मारूनच टाकतो, सेन्सॉरने तो बदलायला लावला म्हणून पोलीस टपकले. 2025 मध्ये इटलीत बोलोन्याला मूळ शेवटासकट दाखवला. माझं मत विचाराल तर मूळचाच बरोबर, बुटांना खिळे काय पोलिसांची वाट बघायला ठोकले होते?

बाकी पटापट. 'नटसम्राट' : नानासाठी बघायला गेले आणि विक्रम गोखलेंसाठी रडून आले. 'बाईपण भारी देवा' : स्पर्धेचं काय होणार हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं, तरी आई आणि मावशी शेजारी असतील तर वेगळाच पिक्चर दिसतो, एकट्याने बघू नका. 'वाळवी' : याचा शेवट सांगितला तर पाप लागेल, एवढंच सांगते की परेश मोकाशींना 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'नंतर असलं काळं काहीतरी सुचेल असं वाटलं नव्हतं.

आणि हो, माझी थिअरी जिथे सपशेल आपटते तो 'अशी ही बनवाबनवी'. 1988 पासून अख्खा महाराष्ट्र बघतोय, डायलॉग सगळे पाठ, पण खरं सांगा, शेवट कुणाला नीट आठवतोय का? मला तर नाही. धनंजय माने दार उघडतात तिथेच माझे पैसे वसूल होतात.