अलंग-मदन ट्रेकबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन : अलंग गडाच्या कड्यावर अडीच तास ताटकळलात, पैसे भरूनही शेजारचा मदन गड झाला नाही, आणि ‘वर पडक्या टाक्यांशिवाय बघण्यासारखं काही नाही’.

आधी ताटकळण्याचं. अलंगवरून मदनच्या खिंडीकडे उतरताना साधारण ८०-९० फुटांचा कातळटप्पा दोराने उतरावा लागतो. एकच दोर लावला, असं तुम्ही लिहिलंय. दोर दोन होते. एकावरून तुम्ही उतरत होतात. दुसरा तुमच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) बांधलेला होता आणि वर बसलेला माणूस तो बेताबेताने सोडत होता. पहिल्यावरचा हात सुटला तर माणूस दुसऱ्यावर तोलला जातो. शेजारी आणखी एक जोडी लावली असती तर वेळ निम्मा झाला असता, हे खरं. पण खाली उभं राहायला अरुंद पट्टी आहे, आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या खांद्यावर येतो. हेल्मेट डोकं वाचवतं, खांदा नाही. अँकर (दोर बांधायचे कातळातले आधार) लावून तपासायला अर्धा तास, मग माणशी आठ मिनिटं, तुम्ही १४ जण. हिशोब अडीच तासांच्या आसपासच येतो.

मदन याच हिशोबात बसला नाही. पहाटे पावसाची सर पडून गेल्यामुळे कातळ वाळेपर्यंत, म्हणजे ९ पर्यंत, उतरायला सुरुवात केली नाही. शेवटचा माणूस साडेअकराला खाली आला. मदनचा तुटलेल्या पायऱ्यांचा टप्पा ५० फुटांच्या आसपास आहे, पण तो चढायचाही असतो आणि उतरायचाही. १४ जणांना पावणेचार तास, वर फिरायला एक तास. मग पायथ्याच्या आंबेवाडीची उतरण अंधारात, ओल्या घळीतून, मोठमोठ्या दगडांवरून. या ट्रेकमध्ये पाय मुरगळतात ते कड्यावर नव्हे, इथे.

राहिलं बघण्याचं. ज्या गुहेत तुम्ही झोपलात ती कातळात कोरलेली आहे, आणि ज्या टाक्यातलं पाणी तुम्ही गाळून प्यालात तेही. दोर लावावा लागतो कारण तिथल्या पायऱ्याच उरलेल्या नाहीत. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. या वाटाही त्यांनीच तोडल्याचं सांगितलं जातं. दोराला लागण्याआधी तुटलेल्या पायऱ्यांच्या कडा नीट बघा, एवढंच सुचवेन. (आणि माणशी चार लिटर पाणी वाहायला लावलं ते खिंडीत पाणी नाही म्हणून.)

हवामानामुळे गड गाळला तर पैसे परत मिळत नाहीत, हे बुकिंगच्या पानावर आहे. तरी मदनच्या चढाईचा भाग आम्ही पुढच्या तुकडीत वेगळे पैसे न घेता करून देऊ. डिसेंबर ते फेब्रुवारीत या, जास्तीत जास्त आठ जण. शेजारचा कुलंग गडही हवा असेल तर तीन दिवस काढा.