प्रश्न तारेचा नाही, जागेचा आहे
फोन नुसता वर ठेवला की चार्ज करणाऱ्या वायरलेस चार्जिंग पॅडमुळे तारेच्या जाचातून सुटका होते, हे अशा पॅडवरील लेखातील विधान मला पटले नाही. कारण पॅडलाही वायर लागतेच, शिवाय केबलला जोडलेला फोन निदान हातात घेऊन वापरता येतो, तर पॅडवरून उचललेल्या फोनचे चार्जिंग त्याच क्षणी थांबते. याहून महत्त्वाचा, पण लेखात अजिबात न आलेला मुद्दा कॉइलच्या, म्हणजे ज्यांच्यामार्फत ऊर्जा पॅडमधून फोनमध्ये जाते त्या तारेच्या वेटोळ्यांच्या, जुळणीचा आहे. पॅडमधील आणि फोनमधील कॉइल नेमक्या समोरासमोर नसतील, तर बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते किंवा चार्जिंग सुरूच होत नाही. रात्री पॅडवर ठेवलेला माझा फोन व्हायब्रेशनमुळे जेमतेम दोन बोटे सरकला आणि सकाळी, गजर न वाजताच, बंद पडलेला आढळला, असे एकदा नव्हे, दोनदा घडले आहे. (तेव्हापासून गजरासाठी साधे घड्याळ वापरतो.)

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ची-टू’ या वायरलेस चार्जिंगच्या मानकात फोन योग्य जागी धरून ठेवणारी चुंबके आली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. चार्जिंग पोर्ट सैल झालेल्या फोनला मात्र पॅडचा मोठा आधार होतो, हे मान्य करायला हवे.