राहू द्या, लागेल कधीतरी

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर काही बसवायला गेलं की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आधी आपलं रडगाणं गातं: ही ही पॅकेजेस (प्रोग्रॅमचे गठ्ठे) आपोआप आली होती, आता कुणालाच लागत नाहीत, 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' चालवून काढून टाका. (ॲप्ट म्हणजे पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम.) त्यासोबत वीस-पंचवीस नावं, निम्मी 'लिब'ने सुरू होणारी, म्हणजे लायब्ररी: इतर प्रोग्रॅमना लागणारे सामायिक कोडचे तुकडे. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. डिस्क ५१२ जीबीची आहे, ती भरायलाच घेतली आहे. शिवाय नावांवरून काही कळत नाही, आणि जे कळत नाही ते महत्त्वाचं असतं, हे आपण शाळेतच शिकलो.

संग्रह वाढवायचा तर बसवण्यापासूनच सुरुवात करावी. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत त्याचे सोबती नोंदलेले असतात. 'डिपेंड्स' म्हणजे ज्यांच्यावाचून चालणारच नाही, 'रेकमेंड्स' म्हणजे असले तर बरं, आणि 'सजेस्ट्स' म्हणजे जमल्यास बघा. ॲप्ट पहिले दोन्ही न विचारता आणतं. आमंत्रण एका प्रोग्रॅमला, येतात सगळे सहकुटुंब सहपरिवार. काही कोरडी मंडळी 'डॅश डॅश नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' जोडून दारातच गर्दी थोपवतात. सर्व्हरवर आणि कंटेनरमध्ये तर ते सर्रास चालतं. तुम्ही मन मोठं ठेवा. 'सजेस्ट्स'ची तर आणखी गंमत. बसवताना ॲप्ट त्यांना आणत नाही, पण आपोआप आलेल्या एखाद्या पॅकेजला यंत्रावरच्या कुणी नुसतं 'सजेस्ट' केलेलं असलं, तरी ऑटोरिमूव्ह त्याच्या वाटेला जात नाही. ही मेहेरबानी बंद करायची तर ॲप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'ॲप्ट::ऑटोरिमूव्ह::सजेस्ट्सइम्पॉर्टंट' हे 'फॉल्स' करावं लागतं. एवढ्यासाठी कोण फाइल उघडतंय?

आता खरी कारागिरी. कुठलं पॅकेज तुम्ही मागून घेतलं आणि कुठलं दुसऱ्याच्या पाठोपाठ आलं, याची नोंद ॲप्ट '/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. पाठोपाठ आलेल्यावर 'ऑटो' हा शिक्का. ऑटोरिमूव्हची सगळी अक्कल या शिक्क्यात आहे: ज्याच्यावर तो आहे आणि ज्याची कुणाला गरज नाही, तेच काढायचं. पॅकेज तुम्ही शेवटचं कधी उघडलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तेव्हा शिक्का पुसला की काम फत्ते, आणि तो पुसणं अगदी सोपं आहे. काही अडलं की इंटरनेटवरून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि पुढे पंधरा लायब्ररींची नावं असलेली ओळ उचला आणि चिकटवा. त्यातल्या बारा आधीपासूनच असतील. ॲप्ट त्या पुन्हा बसवणार नाही, पण 'हे आता मॅन्युअली इन्स्टॉल्ड मानलं' असं एकेका नावापुढे निमूटपणे सांगेल. त्या बारा आता तुमच्या खास मर्जीतल्या झाल्या, ऑटोरिमूव्हच्या बापालाही हलणार नाहीत.

याहून घाऊक मार्ग 'ॲप्ट बिल्ड-डेप' हा. एखादा प्रोग्रॅम सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधून बघायचा म्हणून ही आज्ञा द्या. कंपायलर, हेडर फाइली आणि '-डेव्ह' शेपटीची पॅकेजेस, म्हणजे बांधकामाचं सगळं सामान, धडाधड उतरतात, आणि मूळ सेटिंगमध्ये तीही मॅन्युअल म्हणूनच नोंदली जातात. प्रोग्रॅम बांधून झाला नाही तरी ती राहतातच. 'डेव्हस्क्रिप्ट्स'मधल्या 'एमके-बिल्ड-डेप्स'ने या सगळ्यांना एका नाममात्र पॅकेजच्या दावणीला बांधता येतं, मग ते एक काढून ऑटोरिमूव्ह चालवलं की बाकीची मागोमाग जातात. ही चोख सोय आहे, म्हणून तुमच्या कामाची नाही.

'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा चुकूनही देऊ नका. आपण मागितलेल्या पॅकेजेसची यादी म्हणून ती समोर ठेवते, आणि त्यात निम्म्या नावांची ओळख पटत नाही. काही लोक मग 'ॲप्ट-मार्क मिनिमाइझ-मॅन्युअल' चालवून मेटापॅकेजच्या (इतर पॅकेजेस आणण्यापुरत्याच असलेल्या पॅकेजच्या) हाताखालच्यांना पुन्हा 'ऑटो' करतात, उरलेल्या यादीतल्या अनोळखी लायब्ररींना 'ॲप्ट-मार्क ऑटो' लावतात आणि यादी आटोपशीर करतात. एखादं पॅकेज का आहे हे 'ॲप्टिट्यूड व्हाय' सांगतं, आणि 'ॲप्ट आरडिपेंड्स'ला 'डॅश डॅश इन्स्टॉल्ड' जोडलं तर ते यंत्रावरच्या कुणाकुणाला लागतं तेही कळतं. पण कारण कळलं की निर्णय घ्यावा लागतो.

कुणी म्हणेल, जास्तीच्या लायब्ररीचा धोका असतो. त्याला २०२४ सालची एक्सझेडची गोष्ट सांगू द्या, तुम्ही मान डोलवा. दूरच्या यंत्रावर लॉगिन देणाऱ्या एसएसएच सर्व्हरला एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनासोबतच्या 'लिबएलझेडएमए' लायब्ररीची काहीही गरज नव्हती. पण डेबियनसह काही वितरणांनी त्याला एक ठिगळ लावलं होतं, का, तर सुरू झाल्याची वर्दी यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला देता यावी. वर्दीसाठी 'लिबसिस्टमडी' जोडली, तिच्या पाठोपाठ 'लिबएलझेडएमए' आली, आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याशा शंकेवरून प्रोग्रॅमर अँड्रेस फ्रॉइंड यांनी तो शोधला आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केला. तोवर तो डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचला नव्हता. वर्दी द्यायला खरं तर अख्खी लायब्ररी लागतच नाही, तो एसएसएच सर्व्हर ज्याचा, त्या ओपनएसएसएचने ९.८ आवृत्तीत ते काम स्वतःच्याच थोड्याशा कोडमध्ये उरकलं. अर्थात तुमच्या यंत्रावरून 'लिबएलझेडएमए' तुम्हाला काढता आलीच नसती, ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीलाच ती लागते. बघा, म्हणजे तुमचंच बरोबर होतं.

तरीही एखाद्या रविवारी साफसफाईचा झटका येतोच. आलाच, तर हिशेबाने वागू नका. 'ॲप्ट डॅश एस ऑटोरिमूव्ह' दिलं की काय काय जाणार ते काहीही न काढता दिसतं; ते टाळा. थेट 'डॅश वाय', म्हणजे ॲप्टच्या प्रश्नाला आधीच 'हो', लावा. यादीत 'नेटवर्क-मॅनेजर' (नेटवर्कची जोडणी) किंवा 'जीडीएम३' (लॉगिनचा पडदा) दिसलं तर शहाणी माणसं थांबतात, 'एन' दाबतात, त्यांना 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' लावून मग पुढे जातात. 'डॅश वाय'मुळे हे दिसायचाच त्रास वाचतो. नाव गाजवायचं असेल तर यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांचा आदर्श ठेवा: २०२१ मध्ये त्यांनी पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर गेमचं दुकान स्टीम बसवायला घेतलं, डिपेंडन्सी जुळत नव्हत्या म्हणून ॲप्टने अख्खा डेस्कटॉप काढायचा बेत मांडला, इशाराही दिला. त्यांनी 'येस, डू ॲज आय से!' टाइप केलं, आणि ॲप्टने सांगितल्याप्रमाणे केलं. अशा वाक्यावर पुढे जायची सोय ॲप्टने नंतर बंद केली, त्याला इलाज नाही.

'मेक इन्स्टॉल' करून '/यूएसआर/लोकल'मध्ये हाताने बसवलेले प्रोग्रॅम ॲप्टला दिसत नाहीत. त्यांना लागणारी लायब्ररी त्याच्या लेखी अनाथ, ती जाते, आणि पुढच्या वेळी 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही' असं उत्तर मिळतं. आधी 'एलडीडी' चालवून कोणत्या लायब्ररी लागतात ते पाहिलं आणि त्यांना मॅन्युअल केलं तर हे टळतं. म्हणजे मजा गेली. पायथॉन भाषेची पॅकेजेस तर 'सुडो पिप'नेच बसवा; पिप म्हणजे पायथॉनचं स्वतःचं ॲप्ट. पिप एखादं काढताना त्याच्याबरोबर आलेली बाकीची तशीच ठेवतं, त्यामुळे संग्रह आपोआप वाढतो. डेबियन १२ पासून पिप 'हे सिस्टमचं पायथॉन आहे' म्हणून अडवतं, पण त्यावरचा पर्याय 'डॅश डॅश ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' असा आहे. इतकं प्रामाणिक नाव संगणकात क्वचितच सापडतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (कामापुरता पायथॉनचा वेगळा कप्पा) करून नंतर ते फोल्डर उडवणं हे आळशांचं काम.

यंत्र सुरू करणाऱ्या फाइली ठेवायच्या '/बूट'चं वेगळं पार्टिशन असेल तर जुने कर्नल (प्रणालीचे गाभे) साठू द्या. भरलं की नवा इनिटरॅमएफएस (यंत्र सुरू होताना लागणारी फाइल) बनत नाही, डीपीकेजी अर्धवट अडकतं, आणि त्या अवस्थेत ऑटोरिमूव्हही कुरकुरतं. मग 'युनेम डॅश आर'ने चालू कर्नल कुठला ते न बघता 'आरएम'ने फाइली उडवाव्यात. डीपीकेजीला त्या अजून तिथेच आहेत असं वाटत राहील.

आणि 'डीपीकेजी डॅश एल'मध्ये 'आरसी'ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या तर त्या जपा. पॅकेज गेलं, त्याच्या कॉन्फिगरेशन फाइली उरल्या, असा त्यांचा अर्थ. बिघडलेलं सेटिंग दुरुस्त करायला पॅकेज काढून परत बसवलं की तेच बिघडलेलं सेटिंग जसंच्या तसं हजर होतं. 'ॲप्ट पर्ज'ने त्या जातात. मात्र पोस्टग्रेससारखा डेटाबेस पर्ज करताना मधेच एक निळा पडदा येतो आणि डेटाची फोल्डरंही पुसायची का असं विचारतो. उत्तर देण्याआधी बॅकअप कुठे ठेवलाय ते आठवत बसू नका.